मुदतीचे अभय

युद्ध पेटले की एखाद्या देशातून लाखो माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. त्या प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करत बसणे शेजारच्या देशांना शक्य नसते. अशा वेळी चौकशी बाजूला ठेवून सर्वांना सरसकट राहण्याची, काम करण्याची आणि औषधोपचार घेण्याची परवानगी द्यायची, पण ती ठरावीक मुदतीपुरती, या व्यवस्थेला तात्पुरते संरक्षण म्हणतात. शरण आलेल्याच्या हातात निवास परवाना पडतो आणि त्या परवान्यावर एक तारीख असते. प्रशासनाच्या लेखी ती तारीख ही निव्वळ सोय. धर्मविचाराच्या आणि नीतिविचाराच्या लेखी मात्र तिच्यात एक जुना, अवघड प्रश्न आहे. अभयाला मुदत घालता येते का, आणि घातली तर ते अभय उरते का?

या व्यवस्थेचे आजचे सर्वांत मोठे उदाहरण युरोपातले आहे. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चौफेर आक्रमण केले आणि ४ मार्चला युरोपीय संघाच्या परिषदेने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदाच लागू केला. तोवर तो दोन दशके कागदावरच पडून होता. युक्रेनी माणसाला आपला जीव नेमका कशामुळे धोक्यात आला हे कोणापुढे सिद्ध करावे लागले नाही. आपण युक्रेनचे नागरिक आहोत आणि २४ फेब्रुवारीपूर्वी तिथे राहत होतो, एवढे दाखवले की पुरे. चाळीस लाखांहून अधिक लोक या छत्राखाली आले. त्यांतले सर्वाधिक जर्मनी, पोलंड आणि झेकिया या तीन देशांत आहेत. शरणागतीच्या आधुनिक इतिहासात इतक्या थोड्या दिवसांत, इतक्या कमी कटकटीत इतक्या माणसांना आसरा मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत. तात्पुरत्या संरक्षणावर टीका करण्याआधी हे श्रेय त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

हा निर्देश जन्मला तो बोस्नियाच्या अनुभवातून. १९९२ ते १९९५ च्या युद्धात सुमारे साडेतीन लाख बोस्नियन जर्मनीत गेले. त्यांतल्या बहुतेकांना जो दर्जा मिळाला त्याला जर्मन कायद्यात ‘डुलडुंग’ म्हणतात. तो निवासाचा हक्क नव्हता. या माणसाची हद्दपारी तूर्त पुढे ढकलली आहे, एवढेच त्या कागदाचे म्हणणे. दर काही महिन्यांनी कार्यालयात जायचे आणि पुढचा शिक्का मारून घ्यायचा. स्वीडनने १९९३ मध्ये वेगळा मार्ग धरला आणि आलेल्या हजारो बोस्नियनांना थेट कायम निवास दिला. डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारावर सह्या झाल्या, पुढच्याच वर्षी जर्मन राज्यांनी परतपाठवणी सुरू केली आणि काही वर्षांत बहुतेकांना देश सोडावा लागला. एकाच युद्धातून, कधी कधी एकाच गावातून आलेल्या दोन भावंडांपैकी स्टॉकहोमला गेलेले स्वीडिश झाले आणि बर्लिनला गेलेले परतीच्या बसमध्ये बसले. दोघांच्या संकटात तसूभरही फरक नव्हता. फरक यजमानाच्या धोरणात होता.

शरणागताला काय द्यावे याबद्दल भारतीय परंपरेत दोन कथा सर्वांच्या तोंडी आहेत. दोन्ही नीट वाचल्या तर त्या वाटतात तितक्या भाबड्या नाहीत. पहिली वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातली. विभीषण समुद्र ओलांडून येतो तेव्हा राम सगळ्यांचे मत विचारतो. सुग्रीव ठाम विरोध करतो: हा शत्रूचा भाऊ, हेर असेल, आत शिरून घात करील, आणि जो सख्ख्या भावाला सोडून आला तो उद्या आपल्याला सोडणार नाही कशावरून? आजच्या कोणत्याही गृहखात्याच्या फायलीत शोभावेत असे हे आक्षेप आहेत. राम ते उडवून लावत नाही. सगळ्यांचे ऐकून घेतो आणि मग आपले व्रत सांगतो: जो एकदा शरण आला त्याला अभय; विभीषणच काय, स्वतः रावण आला तरीही. या अभयाला शर्त नाही आणि मुदतही नाही. कथेचा पुढचा भाग मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. युद्ध संपते आणि विभीषण लंकेला परत जातो. परततो तो राजा म्हणून. समुद्रकाठीच त्याला राज्याभिषेक झालेला असतो. परत जाणे हा त्या आश्रयाचा शेवट होता, पण आश्रयाची अट नव्हती.

दुसरी कथा शिबी राजाची. मांडीवर येऊन पडलेल्या कबुतराला तो अभय देतो. या कथेत खरी धार ससाण्याच्या युक्तिवादाला आहे. कबुतर हे माझे अन्न आहे, ते तू हिरावून घेतलेस तर मी आणि माझी पिले मरू, एकाला वाचवण्यासाठी अनेकांना मारणे हा कसला धर्म, असे तो विचारतो. ससाणा खोटे बोलत नाही. कोणालाही आसरा दिला की त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हे तो स्पष्ट करतो. शिबी ती किंमत स्वतःच्या अंगावरून कापून देतो. कथा इथेच उंचावते आणि राज्यसंस्थेपुरती इथेच अपुरी पडते, कारण मंत्री किंवा आयुक्त स्वतःचे मांस तागडीत टाकत नाहीत. ते टाकतात करदात्याचे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. सुरुवातीला तर कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रेफ्यूजी रिलीफ’ असे छापून काम भागवले गेले. साताऱ्याहून सोलापूरला खुशालीचे पत्र पाठवणारी व्यक्तीही त्या तागडीत आपला वाटा टाकत होती. त्या वेळी सरकारची भूमिका पहिल्यापासून एकच होती: हे लोक परत जातील. युद्ध संपल्यावर त्यांतले बहुसंख्य काही महिन्यांत परत गेलेही. लोकांनी तो भार फारशी कुरकुर न करता उचलला यामागे त्याला शेवट आहे हा विश्वासही होता. तात्पुरतेपणाच्या बाजूने यापेक्षा सबळ पुरावा शोधायची गरज नाही.

अभयाची ही अमर्याद भाषा आणि पाहुणचाराची मोजूनमापून वागण्याची भाषा, या दोन्ही भाषा धर्मपरंपरांत शेजारी शेजारी नांदतात. मनुस्मृतीच्या व्याख्येत अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा. इस्लामी परंपरेत पाहुणचार तीन दिवसांचा. त्यापुढे जे द्याल ते दान. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या नियमग्रंथात तर यजमानाचा सावधपणा जवळपास व्यवहारी आहे: येणारा प्रेषित एक दिवस, फार तर दोन दिवस राहावा, तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजावा. इतर वाटसरूंना दोन-तीन दिवसांची सवलत आहे. आणि ज्याला कायमचे राहायचे आहे त्याच्यासाठी वेगळा नियम: त्याला काही कसब येत असेल तर त्याने काम करावे आणि खावे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात शिरलेल्या गुन्हेगाराला चाळीस दिवस कोणी हात लावू शकत नसे. त्यानंतर त्याने शरण जावे किंवा शपथ घेऊन देश सोडावा.

वरवर पाहता हे नियम रामाच्या व्रताला छेद देतात. प्रत्यक्षात ते दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल आहेत. पाहुणचार वाटसरूचा असतो. त्याच्यामागे वाघ लागलेला नसतो. तो निघाला की कुठेतरी पोचणार असतो. म्हणून त्याची मोजदाद दिवसांत करता येते. आश्रय मात्र धोक्यात सापडलेल्याचा असतो, आणि त्याचे माप दिनदर्शिका हे नसून धोका हेच असते. धोका दहा दिवसांत टळला तर आश्रय दहा दिवसांचा, दहा वर्षे राहिला तर दहा वर्षांचा. महाभारताच्या शेवटी, स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडायला नकार देताना युधिष्ठिर शरणागताशी केलेल्या प्रतारणेला स्त्रीहत्या, ब्रह्मस्वाचे हरण आणि मित्रद्रोह यांच्या रांगेत बसवतो. इतके दिवस सांभाळले, आता पुरे, ही सबब त्या यादीत कुठेही चालत नाही. आधुनिक तात्पुरत्या संरक्षणाचा घोटाळा असा की ते आश्रयाचे काम पाहुणचाराच्या मापाने करते.

हे माप कुठून आले याचे उत्तर बऱ्याच अंशी इमॅन्युएल कांटकडे आहे. १७९५ च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधात त्याने परक्या माणसाचे स्वागत हा दयेचा विषय नसून हक्काचा विषय आहे असे मांडले. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसांना एकमेकांपासून अनंत दूर जाता येत नाही. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या भूमीवर शत्रू न समजता येऊ दिले पाहिजे. पण हा हक्क भेटीचा आहे, मुक्कामाचा नाही. मुक्कामासाठी वेगळा करार हवा. परक्याला परत पाठवता येते, मात्र त्यात त्याचा नाश होणार असेल तर नाही. कांटची ही अट पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात भक्कमपणे उभी राहिली: १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने छळाच्या तोंडी परत पाठवण्यावर बंदी घातली. कांटने ज्या प्रश्नाला हात घातला नाही तो असा: परत पाठवणे म्हणजे नाश, ही स्थिती वर्षानुवर्षे टिकली तर? भेटीला आलेला माणूस जाऊच शकत नसेल तर ती भेट कधीतरी मुक्काम होते की नाही? तत्त्वज्ञाच्या चौकटीत दोनच खाने आहेत आणि युद्धनिर्वासित नेमका त्यांच्या मधल्या फटीत राहतो.

त्या फटीत राहण्याचा अनुभव विचारवंत हॅना आरेंट यांना स्वतःला होता. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि १९५१ मध्ये त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. मधला मोठा काळ त्या कोणत्याच देशाच्या नव्हत्या. माणूस म्हणून असलेले हक्क हे एखाद्या राज्याचा सदस्य असल्याशिवाय कोणी देत नाही, हा त्यांचा निष्कर्ष त्या वर्षांतून आला आहे. अन्न, छप्पर, सुरक्षितता हे सगळे मिळूनही माणूस हक्कहीन असू शकतो, कारण ते त्याला मिळते आहे ते कुणाच्या तरी मर्जीने. परवान्यावरची तारीख दर वर्षी पुढे सरकते, ही मर्जीच. या वर्षी सरकली म्हणून पुढच्या वर्षी सरकेल याची हमी नाही.

काळाचा हा प्रश्न आधुनिक विचारवंतांपेक्षा जुन्या धर्मशास्त्र्यांनी अधिक सरळ सोडवला होता. इस्लामी कायद्यात परक्या, अगदी शत्रुप्रदेशातून आलेल्या माणसालाही ‘अमान’ म्हणजे सुरक्षिततेचा शब्द देता येतो. कुराणाच्या नवव्या सूऱ्यात आश्रय मागणाऱ्या मूर्तिपूजकाला आश्रय द्यावा आणि नंतर त्याला सुरक्षित जागी पोचवावे अशी आज्ञा आहे. हनफी परंपरेने या अमानाला साधारण एक वर्षाची सीमा घातली. वर्ष उलटले आणि माणूस तिथेच राहिला तर? त्याला हाकलून देण्याची तरतूद नाही. त्याचा दर्जा बदलतो. तो त्या राज्याचा कायमचा संरक्षित रहिवासी, म्हणजे जिम्मी, होतो आणि त्याला जिझिया भरावा लागतो. हा दर्जा समानतेचा नव्हता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विचार मात्र पाहण्यासारखा आहे: काळ लोटला की तात्पुरता माणूस आपोआप दुसऱ्या दालनात जातो. मुदत संपल्यावर त्याच्यासाठी दोन दारे असतात, एक बाहेरचे आणि एक आतले.

प्राचीन अथेन्समध्ये हे आतले दार नव्हते. तिथे परके पिढ्यान्‌पिढ्या राहत, कर भरत, युद्धात लढत, पण नागरिक होत नसत. स्टॅगिराहून आलेला अ‍ॅरिस्टॉटल आयुष्यातला मोठा काळ अथेन्समध्ये काढूनही तिथे जमीन घेऊ शकत नव्हता. अमेरिकी विचारवंत मायकल वॉल्झर यांनी १९८३ च्या ग्रंथात याच उदाहरणावरून असे मांडले की, कोणाला आत घ्यावे हे ठरवण्याची मोकळीक समाजाला असली तरी घेतलेल्यांना कायम अर्धवट अवस्थेत ठेवण्याची मोकळीक नाही. तसे केले की नागरिक हे एक प्रकारचे जुलमी सत्ताधारी होतात. जोसेफ कॅरन्स यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा काळाच्या अंगाने नेला. माणूस जिथे राहतो तिथे त्याची मुळे धरतात, शेजार होतो, मुले शाळेत जातात, आणि या नात्यांतून जो नैतिक दावा तयार होतो तो परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे विचारत नाही. या दाव्याचे मोजमाप करायचे असेल तर मुलांकडे पाहावे. मारिउपोलमधून २०२२ च्या वसंतात आईचा हात धरून आलेले सहा वर्षांचे मूल ४ मार्च २०२७ ला, म्हणजे सध्याची मुदत संपेल त्या दिवशी, अकरा वर्षांचे असेल. पहिलीपासूनचे त्याचे सगळे शिक्षण जर्मन किंवा पोलिश भाषेत झालेले असेल. आणि मारिउपोल रशियाच्या ताब्यात आहे.

२००१ च्या निर्देशाने मुदत आधी एक वर्ष, मग सहा-सहा महिन्यांची दोन वाढीव सत्रे आणि शेवटी परिषदेच्या निर्णयाने आणखी एक वर्ष अशी आखली होती. म्हणजे तीन वर्षे. त्या काळात युद्ध संपेल, नाहीतर प्रत्येकाच्या आश्रयअर्जावर निर्णय होईल, असा हिशेब. युद्ध संपले नाही आणि चाळीस लाख अर्ज तपासण्याची कोणाची तयारी नव्हती. मग २०२४ मध्ये मुदत मार्च २०२६ पर्यंत नेली आणि २०२५ मध्ये मार्च २०२७ पर्यंत. जर्मनीने तर लाखो नवी कार्डे छापण्याऐवजी एक नियम काढला: जुन्या परवान्यांवर छापलेली तारीख उलटून गेली तरी ते वैध समजावेत. कचेरीचे काम वाचले. ज्याच्या खिशात कार्ड आहे त्याला मात्र बँकेत, घरमालकाकडे, नव्या नोकरीच्या ठिकाणी मुदत संपलेले कार्ड पुढे करून ते संपलेले नाही हे समजावत बसावे लागते. कायद्याने तो सुरक्षित आहे, पण समोरच्याला दिसते ती फक्त उलटून गेलेली तारीख. घरमालक दोन वर्षांचा करार करताना कचरतो, मालक शिकाऊ कामगाराला प्रशिक्षण देताना हात आखडता घेतो. धोका टळलेला माणूसही अशा रीतीने सतत भयात राहतो, आणि भयातून सोडवणे हेच तर अभयाचे काम होते.

अमेरिकेतली याच जातीची व्यवस्था १९९० च्या कायद्याने आली. तिथे सहा, बारा किंवा अठरा महिन्यांसाठी संरक्षण मिळते. सोमालियाच्या नागरिकांना ते १९९१ मध्ये मिळाले आणि वाढत वाढत तीस वर्षांहून अधिक काळ चालले. त्याला तात्पुरते म्हणणे ही केवळ कागदाची रीत झाली.

तुर्कस्तानात हा प्रश्न उघडपणे धर्माच्या भाषेत आला. सीरियातून आलेल्यांसाठी ऑक्टोबर २०१४ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचे नियम झाले. पुढे त्यांची संख्या सुमारे ३७ लाखांवर गेली. अधिकृत बोलण्यात त्यांना पाहुणे म्हटले जाई, आणि राज्यकर्ते स्वतःला मदिनेच्या अन्सारांची, म्हणजे आसरा देणाऱ्या स्थानिकांची, तर सीरियनांना मक्केहून आलेल्या मुहाजिरांची, म्हणजे स्थलांतरितांची उपमा देत. लोकांच्या मनात औदार्य जागे करायला ही उपमा प्रभावी होती. पण ती पुढे नेली तर राज्यकर्त्यांच्या हिशेबात बसत नाही. इ.स. ६२२ मध्ये मुहाजिर मदिनेला आले तेव्हा प्रेषित मुहंमद यांनी त्यांच्यात आणि स्थानिकांत भाऊपणाच्या जोड्या लावून दिल्या; सुरुवातीला हे मानलेले भाऊ एकमेकांचे वारसही होत, हा भाग नंतर रद्द झाला. ६३० मध्ये मक्का जिंकली. म्हणजे मूळ धोका संपला, घरी परतायचा रस्ता खुला झाला. तरी मुहाजिर परत गेले नाहीत. प्रेषित स्वतःही मदिनेतच राहिले आणि तिथेच त्यांचे दफन झाले. हदीसमध्ये तर मुहाजिराने हजचे विधी आटोपल्यावर मक्केत तीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये असा नियम आहे. ज्या गावातून हाकलले तेच आता पाहुणचाराचे ठिकाण झाले आणि ज्याने आसरा दिला ते घर झाले. अन्सारांचे नाव घ्यायचे तर हा शेवटही स्वीकारावा लागतो. तुर्कस्तानच्या राजकारणाला तो नको होता, आणि काही वर्षांत पाहुण्यांना घरी पाठवण्याची आश्वासने हीच निवडणुकीची भाषा झाली.

परत जाणे म्हणजे नेमके कुठे, हा पुढचा प्रश्न. तात्पुरत्या संरक्षणात असे गृहीत असते की घर जागेवर आहे आणि युद्ध थांबले की माणूस तिथे जाऊन दार उघडेल. बोस्नियात हे गृहीतक कोसळले. प्रियेदोर किंवा स्रेब्रेनित्सा इथून हाकललेल्या बोस्नियाक मुसलमानांची गावे डेटन कराराने सर्बांच्या प्रशासनाखाली गेली होती. जर्मनीतून परतलेले अनेक जण स्वतःच्या घरी न जाता साराएवो किंवा तुझ्ला परिसरात, दुसऱ्या कुणाच्या तरी सोडलेल्या घरात पोचले. परदेशातला निर्वासित स्वदेशातला विस्थापित झाला. याच युद्धात उलट बाजूने एक युक्तिवादही होत असे, आणि तो हलका नाही. हाकललेल्यांना पश्चिमेत कायमचे वसवले तर वंशविच्छेद करणाऱ्यांचेच काम पूर्ण होते. परतीचा हक्क जिवंत ठेवायचा तर आश्रय तात्पुरताच हवा. आज युक्रेनचे सरकारही आपली माणसे परत यावीत असेच म्हणते, आणि देश उभा करायला ती लागणारच आहेत. पण परतीचा हक्क आणि परतीची सक्ती यांत अंतर आहे. आक्रमकाचा डाव उधळण्याची जबाबदारी त्याच्या बळीच्या परवान्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही.

धोका संपला हे कोणी ठरवायचे, याबाबत डेन्मार्कची वाट सर्वांत खडतर निघाली. तिथे २०१५ मध्ये सर्वसाधारण युद्धपरिस्थितीतून आलेल्यांसाठी कमी मुदतीचा दर्जा निर्माण झाला. २०१९ पासून दमास्कस आणि नंतर त्याच्या परिसरातल्या सीरियनांचे परवाने काढून घ्यायला सुरुवात झाली, कारण तिथली लढाई थांबली होती. असदची राजवट तीच होती आणि तिच्याशी डेन्मार्कचे सहकार्य नव्हते, म्हणून या माणसांना प्रत्यक्षात पाठवताही येत नव्हते. ती निर्गमन केंद्रांत बसून राहिली. काम नाही, शिक्षण नाही, परतीची सोयही नाही. दिलेले अभय काढून घेतले आणि बदल्यात काहीच घडले नाही, असा हा प्रकार.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक जुना अनुभव आहे. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेले पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतले सुमारे पाच हजार, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. युद्ध संपेपर्यंतचा आसरा, असेच सगळे धरून चालले होते. युद्ध संपले, पण पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली गेले. ज्या सत्तेने हाकलले तिच्याच छायेत परत जायला अनेकांची तयारी नव्हती. ते पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांच्यासाठी तारीख नव्हती, कारण ते या देशाचे नागरिक मानले गेले. त्या बराकींच्या जागी आज गांधीनगरची मोठी कापडपेठ उभी आहे. वळिवड्याच्या पोलिश मुलांनी कोल्हापूरविषयी आयुष्यभर कृतज्ञता बाळगली. वॉर्सातही त्या छावणीचे स्मारक आहे. ज्या पोलंडची ही मुले, त्याच पोलंडने २०२२ मध्ये सीमा उघडली.

तात्पुरतेपणा नेहमी यजमानच लादतो असेही नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७० च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. तिबेटी लोक नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात आणि ते ठरावीक काळाने नवे करून घेतात. त्यांच्यातल्या अनेकांनी शक्य असूनही भारतीय नागरिकत्व घेतलेले नाही. नागरिकत्व घेणे म्हणजे परतीचा दावा सोडणे, असे त्यांना वाटते. अशा माणसाचा तात्पुरतेपणा ही त्याची निष्ठा असते, आणि तिचा मान राखला पाहिजे. मात्र तो मान राखता येतो तो त्याला निवड असेल तेव्हाच. आतले दार उघडे असताना जो ओसरीवर बसतो त्याची आणि दार बंद म्हणून ओसरीवर बसलेल्याची गोष्ट एक नव्हे.

युक्रेनच्या बाबतीत पक्षपाताचा आरोप झाला, त्याचाही इथे विचार करावा लागतो. युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय, नायजेरियन, मोरोक्कन विद्यार्थ्यांना हे संरक्षण सहसा मिळाले नाही. भारताने ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे साडेबावीस हजार नागरिकांना परत आणले, त्यांत महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थीही होते. बॉम्ब पासपोर्ट विचारत नाही, हे खरे. पण धोका हेच माप धरले तर लातूरच्या किंवा लागोसच्या विद्यार्थ्याला सुरक्षित परतायला घर होते आणि खार्किवच्या शेजारणीला नव्हते. युक्रेनमध्ये आधीच आश्रय घेतलेल्या परदेशी माणसांना परिषदेच्या २०२२ च्या निर्णयाने आत घेतले होते, हेही विसरता कामा नये. पक्षपात झाला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी सीरियातून आलेल्यांच्या मागे तितकाच खरा धोका होता आणि निर्देशही हाताशी होता. तो वापरला गेला नाही.

आता युरोपात तात्पुरत्या संरक्षणातून बाहेर पडण्याचे मार्ग शोधले जात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने सदस्य देशांना शिफारस केली की ज्यांना शक्य आहे त्यांना काम, शिक्षण, कुटुंब अशा आधारांवर राष्ट्रीय परवान्यांकडे वळवावे आणि ज्यांना परतायचे आहे त्यांना मदत करावी. झेकियाने पाच वर्षांचा खास निवास सुरू केला आहे. त्याला उत्पन्नाची अट आहे. ही वाट डिडाखेच्या नियमाची आठवण करून देते: कसब असेल त्याने राहावे. पण डिडाखेचा नियम धोक्यातून पळून आलेल्यासाठी नव्हता. उत्पन्नाच्या चाळणीतून अभियंता, चालक, स्वयंपाकी निसटतात. मागे राहतात म्हाताऱ्या, आजारी माणसे, तान्ह्या मुलांच्या आया. म्हणजे धोक्यापुढे जी सर्वांत दुबळी तीच सर्वांत तात्पुरती. कमावत्यांना कायम दालन आणि बाकीच्यांना वर्षावर्षाची वाढ, ही वाटणी कोणत्याही शरणागतधर्मात बसत नाही.

राज्याला रामाचे व्रत झेपेल असे नाही, आणि तशी अपेक्षाही रास्त नाही. पहिला परवाना मुदतीचा असावा. त्यामुळेच तो पटकन आणि सर्वांना देता येतो. मुदत वाढवताना धोका तपासावा, निवडणुकीचे वेळापत्रक तपासू नये. आणि धोका कायम असताना मोजलेली वर्षे वाया जाऊ नयेत. आजच्या युरोपीय कायद्यात ती वाया जातात. संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य केलेल्या परदेशी माणसाला दीर्घकालीन निवासाचा दर्जा मागता येतो. तात्पुरत्या संरक्षणाखाली राहणाऱ्यांना मात्र त्या निर्देशाने सरळ वगळले आहे. मार्च २०२७ च्या आधी हे कलम बदलायला हवे.